आपला ओस्पिसियो

फ्रेस्नो, रविवार

प्रिय आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच. मी बरी आहे. तू दिलेले तमालेस मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केले. गुडघा कसा आहे? मळ्यात उकिडवी बसू नकोस.

गेल्या आठवड्यात नर्सिंगच्या वर्गात ‘हॉस्पिस’ हा शब्द आला. बाबांच्या वेळी डॉक्टर हेच म्हणाले होते. त्यांचं इंग्रजी तुला स्पॅनिशमध्ये सांगणारी मी अकरा वर्षांची, मला तो आपला ‘ओस्पिसियो’ वाटला. बाबांना निराधारांच्या आश्रमात टाका म्हणतायत, असं मी तुला सांगितलं. तू ताडकन उठलीस. “त्याला सांग, आम्ही अजून मेलो नाही.” आणि आपण बाबांना घरी आणलं.

आई, तो आश्रम नसतो. शेवटच्या दिवसांत दुखू नये म्हणून नर्स औषध घेऊन घरी येते. आपल्याच घरी आली असती. बाबांना तीन आठवडे उशी चावत पडावं लागलं नसतं.

मी चार दिवस वर्गात गेले नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आम्हा मुलांना ओतिलियाबाई सांभाळतात. त्या खोलीवर आल्या. म्हणाल्या, “अकरा वर्षांच्या पोरीला मधे उभं केलं, ही चूक मोठ्यांची. मीही अशीच उभी राहिलेय. चल, चपला घाल.” वर्गाच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

कॉलेज सोडणार नाही, काळजी करू नकोस. पण दर वर्षी बाबांच्या फोटोपुढे झेंडू ठेवताना तू त्या डॉक्टरला शिव्या देतेस. यंदा देऊ नकोस. द्यायच्याच तर मला दे.

तुझी,
नेरेयदा