एकदा ऐकलेलं प्रकरण

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही फोनवर दरवेळी विचारता, "धाकटीच्या डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?" आणि मी "चाललंय" म्हणून तुमच्या त्या धाकट्या बहिणीच्याच हातात फोन देतो. फोन दिला की सुटल्यासारखं वाटतं. पत्रात तशी सोय नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

आधी चांगलं सांगतो. तुमच्या लेकीनं धाकटीच्या फोनवर त्या बोलत्या कादंबऱ्या भरून दिल्या, त्याबद्दल तिला माझी शाबासकी सांगा. तुम्हाला माहीतच आहे, वाचनालयाच्या काउंटरवर बसून तुमच्या बहिणीनं रहस्यकथांचं अख्खं कपाट पालथं घातलं. अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा भिंग घेऊन वाचायची. भिंगही पुरेना, तेव्हा ती गप्प झाली. तिची बडबड बंद झालेलं घर मला सोसवत नव्हतं.

डोळ्यांचं हॉस्पिटल घाटापलीकडे. सकाळी निघावं तर पोहोचेपर्यंत दुपार. पहिल्यांदा तिनं गाडीत कादंबरी लावली तेव्हा मी कुरकुरलो. म्हटलं, "वळणांचा रस्ता आहे, त्यात आणखी खून कशाला?"

"खून नाही, बुडालेलं जहाज आहे. तुम्ही समोर बघा," ती म्हणाली.

एका पाणबुड्या बाईची गोष्ट होती. तिच्या वडिलांचं जहाज दीपगृहाजवळच्या खडकावर फुटलेलं. दीपगृहाचा रखवालदार शपथेवर सांगतो की दिवा चालू होता. वाचलेला खलाशी सांगतो, मिट्ट काळोख होता. आता खोटं कोण बोलतंय? अक्का, शाळा सुटल्यापासून मी पुस्तक हातात धरलेलं नाही, पण त्या दिवशी हॉस्पिटलचं वळण मागे पडलं आणि मला पत्ताच नाही. परत फिरून आलो, गाडी लावली, तरी प्रकरण संपेपर्यंत दोघंही आत बसून राहिलो.

लिहिणाऱ्याची तर कमाल आहेच, पण वाचणाऱ्याची जास्त. त्यानं नुसतं "दार उघडंच होतं" एवढं म्हटलं की माझा पाय ब्रेकवर जातो. एकाच गळ्यातून म्हातारा रखवालदार, पोरसवदा खलाशी आणि ती बाई, तिघं कसे काढतो कोण जाणे. दुसऱ्या एका कादंबरीत लिफ्टचा दोर तुटून माणूस मरतो. मी म्हटलं, असा तुटत नाही दोर, ब्रेक लागतात, मी रोज बघतो. तर धाकटी म्हणाली, "लेखकानं तोडलाय ना? मग तुटू द्या की." आणि हसली. किती तरी महिन्यांनी असं मोकळं हसली. तेव्हापासून मी दोराबद्दल बोलत नाही.

मग हॉस्पिटलच्या वाऱ्या आम्हाला सहलीसारख्या वाटायला लागल्या. अपराधी कोण यावर आमच्या पैजा लागायच्या. मी नेहमी हरायचो. मला वाटायचं, जो चिडका तोच गुन्हेगार. ती म्हणायची, "कोण काय बोलतंय ते सोडा, नेहमीचं काय करायचं राहून गेलंय ते बघा."

आता मुद्द्याचं लिहितो.

गेल्या खेपेला तिच्या डोळ्यांत औषध घालून तिला आतल्या खोलीत बसवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बोलावलं. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, हे आपल्याला ठाऊक होतं. आता डावाही त्याच वाटेनं निघालाय. औषधानं थोडा उशीर होईल, इतकंच. पुढचा हिवाळा येईपर्यंत उजेड-अंधारापलीकडे फारसं काही राहणार नाही, असं म्हणाल्या. मी हात जोडले. म्हटलं, तिला मी सांगतो, माझ्या पद्धतीनं.

कसली पद्धत. गाडीत बसलो तेव्हा तोंडातून निघालं, "थेंब चालू ठेवा म्हणाल्या." आणि मी घाईघाईनं ती जहाजाची कादंबरी लावली; तिची शेवटची प्रकरणं आम्ही मुद्दाम राखून ठेवली होती.

घाट चढून वर आलो. तिथे गाड्या थांबायला मोकळी जागा आहे. धाकटी म्हणाली, "थांबवा जरा." मला वाटलं, तिला मळमळतंय. मी थांबलो. तिनं फोन बंद केला.

"अहो, हे प्रकरण आपण सकाळी जाताना ऐकलंय," ती म्हणाली. "सकाळी जिथे हसलात तिथेच आताही हसलात. मगाशी जिन्यानं खाली आणलंत मला. आजवर कुठल्याही इमारतीतली लिफ्ट तुम्ही सोडली नाहीत, तिच्या आवाजाला कान लावल्याशिवाय तुम्हाला करमत नाही. आज लिफ्टमध्ये माझ्या समोर उभं राहायचं नव्हतं तुम्हाला." मग म्हणाली, "डावाही जाणार ना?"

मी मान हलवली, पण तेवढं तिला दिसलं की नाही कोण जाणे, म्हणून तिचा हात धरला.

"कधीपर्यंत?"

मी सांगितलं. ती खिडकीबाहेर दरीकडे बघत राहिली. रडलो मी, अक्का. ती नंतर रडली, थोडंसं, तेही मला रुमाल काढून दिल्यावर. मग म्हणाली, "गुन्हेगार म्हणून तुम्ही अगदीच कच्चे आहात. चला, न ऐकलेलं लावा."

आणि मी लावलं. तिनं ते मन लावून ऐकलं. मध्येच म्हणाली, "रखवालदार खरं बोलतोय, दिवा चालू होता. खलाशालाच दिसत नव्हतं, आणि नोकरी जाईल म्हणून तो लपवतोय." पुढे ते तसंच निघालं. अशा दिवशी, अशी बातमी पोटात घेऊन, तिला ते सुचलं. एवढी वर्षं जिच्यासोबत काढली, तिची खरी ओळख मला त्या घाटात झाली असं वाटतं.

हे तुम्हाला कळवायचं काम तिनं माझ्यावर टाकलंय. म्हणाली, "फोनवर अक्काचं रडणं मला ऐकवणार नाही. तुम्ही लिहा, ती एकटीनं रडून घेईल, मग बोलू."

आता घरात ती डोळे मिटून स्वयंपाक करून बघते. डब्यांच्या जागा मी बदलल्या की ओरडा खातो. संध्याकाळी कादंबरी ऐकताना नुसत्या बोटांच्या अंदाजानं शिवण उसवते आणि पुन्हा घालते. आणि एक बेत केलाय. त्या गोष्टीतल्यासारखं खरंखुरं दीपगृह तिला बघायचंय. दिवसभराचा प्रवास आहे. वाटेत ऐकायला नवी कादंबरी राखून ठेवलीय. पण तुमच्याकडून जायचं, तुम्हाला बरोबर घ्यायचं, असा तिचा हट्ट. तुमचं गाव उलट्या दिशेला आहे हे तिला चांगलं माहीत आहे. शिवाय मागच्या सीटवर तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसायचं, तेही ठरलंय. त्याच बाजूनं तिला अजून दिसतं.

पण या वेळी मला कळलंय. दीपगृह हे निमित्त. तिला तुमचा चेहरा पोटभर बघून घ्यायचाय. हे तिला कळू देऊ नका.

येत्या शनिवारी सकाळी आम्ही तुमच्या दारात येतो. तोपर्यंत काय रडायचं ते रडून घ्या, अक्का. गाडीत मात्र तिच्याकडे तोंड करून बसा, आणि अपराधी कोण यावर भांडा.

तुमच्या धाकटीचा,
आणि आता तुमचाही