बिननावाची स्लाइड

चाचा, तुमची स्लाइड सापडली. जुन्या कुष्ठरोग केंद्रांमध्ये पडून राहिलेल्या स्लाइड आमच्या प्रयोगशाळेने मागवल्या, तेव्हा खामगावहूनही एक लाकडी पेटी आली, सोबत रजिस्टर. त्यात माझं तेव्हाचं तिरपं अक्षर. एका ओळीत रुग्णाच्या नावाची जागा कोरी, नंबर तुमच्या हातचा, आणि निकालाच्या रकान्यात मी लिहिलेलं 'निगेटिव्ह'. तीन आठवडे झाले, ती स्लाइड माझ्या टेबलाच्या खणात आहे. हल्ली जुन्या स्लाइडवरचा वाळलेला थर खरवडून त्यात कुष्ठरोगाच्या जंतूचा डीएनए आहे का, हे पाहता येतं. जंतू कधीचा मेलेला असला तरी. बाकीच्यांच्या स्लाइड मी रोज खरवडते. तुमची खरवडली की कळेल, त्या सकाळी मला दिसलेल्या तीन लाल रेघा रंगाच्या होत्या की जंतूच्या, आणि तुमचा हात माझ्यामुळे गेला की नाही.

तुम्हाला हे डीएनएचं प्रकरण आवडलं असतं. आधी नाक मुरडलं असतंत, मग दुपारभर प्रश्न विचारून माझा पिच्छा पुरवला असतात. हा जंतू तुमच्या काळी कुठल्या बशीत वाढत नव्हता, आजही वाढत नाही. उंदराच्या तळपायात वाढवावा लागतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. 'इतका आयशी किडा, अन् लोकायची घरं कशी पटापट उठवते पाह्य,' असं तुम्ही म्हणायचात.

सोनाळ्याहून मी खामगावच्या त्या दवाखान्यात आले तेव्हा लॅब म्हणजे काय, तर एक खिडकी, एक मायक्रोस्कोप आणि तुम्ही. घरी मी सांगितलं होतं की रक्त-लघवी तपासायची नोकरी आहे. रोगाचं नाव काढलं असतं तर आईने दारातूनच परत नेलं असतं. पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'सर' म्हटलं, तर तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. 'सर कोन आला बाप्पा? मले सारे चाचा म्हंतेत.' तुम्ही मूळचे रोहिणखेडचे, पण मोताळ्यापासून संग्रामपूरपर्यंत तुम्हाला ओळखत नाही असं गाव नव्हतं. रुग्णाच्या कानाची पाळी चिमटीत दाबून पांढरी करायची, ब्लेडने बारीक चीर द्यायची, ब्लेड आडवं करून खरवडायचं, आणि रक्ताचा थेंब येता कामा नये. तुमच्या हातून तो येत नसे. रुग्ण डोळे मिटून 'झालं का?' विचारायचा, तेव्हा तुम्ही स्लाइडवर नंबर घालत असायचात.

तुमचा एक नियम होता, कुठल्या पुस्तकात नसलेला. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, दुसऱ्याला द्यायची. मेव्हण्याच्या गालावर चट्टा उठला तेव्हा त्याची स्लाइड तुम्ही सरळ अकोल्याला धाडली होती. 'मानसाले जे पायजे तेच दिसते,' एवढंच कारण सांगितलंत.

आणि तो ओरडा. एका नव्या नवरीची स्लाइड मी पॉझिटिव्ह ठरवली, आणि शहाणीने तुम्हाला न दाखवताच तिच्या सासूला सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत पोरगी माहेरच्या एसटीत बसलेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्लाइड पाहिलीत, तर जंतू एकही नाही. मी लाल रंग गाळून घेतला नव्हता, त्याचे कण जंतू म्हणून मोजले होते. बाकावर ओळीने रुग्ण बसलेले, आणि त्यांच्यासमोर तुमचा आवाज चढला. 'तुह्या येका ठिपक्यानं त्या पोरीचं घर मोडलं असतं, समजलं का? पक्कं दिसल्याबिगर लिहजो नोको. शक आला तं मले आवाज देजो.' मग तुम्ही स्वतः तिच्या सासरी गेलात आणि तिला आणायला माणूस निघेपर्यंत ओसरीवरून उठला नाहीत. तुमचं सगळं बरोबर होतं. तरी मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही.

त्याच थंडीत एका सकाळी तुम्ही रंगवून तयार केलेली स्लाइड माझ्यापुढे ठेवलीत.

'कोनाची?'

'वाच तं पयले.'

मायक्रोस्कोपखाली स्लाइड जरा जरा सरकवत शंभर फील्ड पाहायचे असतात. ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत सगळं निळंच निळं. मग एका कोपऱ्यात तीन लाल रेघा, एकमेकींना चिकटून. पुढे शंभरपर्यंत काही नाही. मी परत मागे आले, त्या तिथेच होत्या. तुम्ही खिडकीशी उभे राहून धुतलेल्याच स्लाइड पुन्हा धूत होतात. तेवढ्या तीन रेघा जंतूच्या असतील, तर नियमाने ती स्लाइड पॉझिटिव्ह. मी 'निगेटिव्ह' लिहिलं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि नळ बंद केलात. संध्याकाळी सगळ्यांना जिलबी आणलीत. कशाची म्हणून विचारलं, तर 'खायची तं खा, चौकशी काऊन करता बे?' मला मात्र वेगळी पिशवी दिलीत. त्यात सँडल होते. गावोगावच्या सर्व्हेला मी तुटकी चप्पल फरफटत चालते, हे तुम्ही कधी पाहिलं होतंत कोण जाणे. ते सँडल मी झिजेपर्यंत वापरले.

दोन हिवाळे गेले आणि तुमच्या हातातून ब्लेड पडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होईना. तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्या दोन्ही कानांतून नमुना घेतला, तर फील्डमागून फील्ड लाल.

त्या संध्याकाळी मी चाचीच्या स्वयंपाकघरात बसले आहे. चाची भाकरी थापते आहे, तुम्ही त्या वाकड्या बोटांनी कसाबसा घास मोडता आहात. 'ते बिननावाची काच माहीच होती,' तुम्ही सांगता. भुवया विरळ व्हायला लागल्या तेव्हाच तुम्हाला संशय आला होता. 'तपासनाराच बिमार पडला म्हटलं, तं त्या बाकावर कोन बसन? म्हून नाव नाई लिवलं.' चाची म्हणते, 'आरसा मीच धरला होता. यायनं आपल्याच कानाले ब्लेड लावला, मी तं डोळे मिटून घेतले.' 'म्हून तं चीर तिरपी गेली,' तुम्ही म्हणता आणि हसता. मला रडू कोसळतं. चाची पिठाच्या हाताने माझा खांदा धरते. 'तू काऊन रडून राह्यली, बेटा? काच साफ होती, तं तू का करशीन?' तुम्ही तिला दुजोरा देता. 'तवा नसतीनच किडे. असते तं हे पोरगी सोडनारी नोती.' मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबते, म्हणजे काही बोलायला नको.

वर्षभराच्या गोळ्यांनी रोग गेला. त्याच गोळ्यांनी तुमचा चेहरा काळवंडला, लोक म्हणाले, ऊन बाधलं. बोटं मात्र सुधारली नाहीत आणि तुम्ही पुन्हा ब्लेड हातात धरलं नाही. स्टुलावर बसून तोंडाने शिकवत राहिलात, माझ्या हातून रक्त न येता चीर जमेपर्यंत. पुढे मी शिकायला बाहेर पडले, जंतूच्याच मागे लागले. तुम्ही हृदयाच्या झटक्याने गेलात, मी पोचेपर्यंत माती झाली होती. चाचा, तुमच्याइतकं मला कोणी शिकवलं नाही, आणि तुमच्याइतकं कोणाचं मी नुकसान केलं नाही.

दर ईदला मी चाचीला फोन करते. यंदा ती म्हणाली, 'तुहे चाचा मरेपरेंत सांगत होते, माही पोरगी शंभरच्या शंभर फील्ड पायते म्हून.' मी हो हो केलं आणि तब्येतीचं विचारलं. हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवूनच लिहायला बसले. पण इथून पुढचं तिला ऐकवणं माझ्याने होणार नाही, म्हणजे पत्र इथेच राहणार.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ओरडा ताजा होता, मी घाबरले, रंगाचे कण असतील असं वाटलं, आणि स्लाइड कोणाची हे मला ठाऊक नव्हतं. पण रंग न गाळता तुम्ही कधी स्लाइडला हात लावला नाहीत, मग कण येतील कुठून? ते जंतू होते. मी ते ओळखले होते. खरवडून मला नवीन काहीच कळणार नाही. स्लाइड कोणाची हेही कळलं होतं, कारण त्या सकाळी तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच तुमच्या कानाच्या पाळीला चिकटलेला कापूस मला दिसला होता. दुसऱ्या कोणाची असती तर मी तिथूनच तुम्हाला हाक मारली असती. तुमच्या तोंडावर तो शब्द उच्चारायचा मला धीर झाला नाही, चाचा. वाटलं, तुमचा तो नियम बाजूला ठेवून मागाहून तुम्ही स्वतः एकदा पाहालच.