बारा खाकी शर्ट

आप्पा,

मी तुमचा धाकटा मुलगा, वय चौपन्न, वाणिज्य पदवीधर, वडगावातल्या आपल्या गल्लीच्या मंडळाचा सेक्रेटरी. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षे झाली. पत्राचा हेतू एकच आहे: गेल्या महिन्यात गल्लीत एक सेना उभी राहिली आणि मोडली, त्याचा अहवाल तुम्हाला देणे. ती मोडण्याचे श्रेय तुमचे आहे.

झाले ते असे. मागांच्या दोन शेडमधून जरीची रिळे चोरीस गेली आणि अकरा तरुणांनी ‘रक्षक दल’ काढायचे ठरवले. कमांडर तुमचा नातू, म्हणजे माझाच मुलगा. खाकी शर्ट शिवून आले, सेक्रेटरी म्हणून बारावा माझ्या मापाचा. खांद्यावर पितळी तारे. रोज काठ्या घेऊन कवायत करायची आणि गल्लीच्या तोंडाशी अनोळखी माणसाला अडवून झडती घ्यायची, असा बेत होता. नियमावली तेवढी मी लिहायची होती, मंडळाच्या शिक्क्यासह. मुलाने पोलीस भरतीचा अर्ज भरलेला आहे. त्याच्यावर एक गुन्हा नोंदला गेला असता तर तो अर्ज तिथेच संपला असता, आणि नियमावलीवर सही माझी असती.

पेन उघडले आणि पांजणीची, सुताला खळ लावण्याची, ती सकाळ समोर उभी राहिली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताणा गल्लीभर पसरला आहे, तुम्ही आणि काका त्यावर खळीचा ब्रश फिरवत आहात. म्हैस किंवा सायकल सुतात शिरू नये म्हणून तुम्ही मला गल्लीच्या तोंडाशी उभे केले आहे. मी मात्र चार मित्र जमवून दंडाला लाल फिती बांधल्या आहेत आणि हातात काठी घेतली आहे. निपाणीकडचे एक जैन व्यापारी मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला पहिल्या बसने आले. मी त्यांना अडवून पिशवी उघडायला लावली. आत निघाला जेवणाचा डबा आणि रंग जुळवायला आणलेला मुलीचा ब्लाउज. तुम्ही कोपरापर्यंत खळीने माखलेले तसेच आलात, त्यांच्याशी कानडीत दोन वाक्ये बोललात आणि माझ्याकडे वळलात.

“रस्ता तुज्या बाचा न्हाय रं. मीच बा हाय, म्हनून सांगतो. सकाळपुरता मागून घेतलाय. काठी ठेव, हात जोड, मानूस वळव.”

सगळ्यांत मोठ्याने ते व्यापारीच हसले. त्यांनी चहा आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून घेतला, आणि साड्यांचे गाठोडे बसस्टँडपर्यंत मी वाहिले.

म्हणून मी नियमावली लिहिली नाही. दोन दिवस कायदा वाचला, वकिलांकडून तपासून घेतला आणि सभा बोलावली. संघटना काढण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क घटनेने दिला आहे, पण शांततेने आणि शस्त्राविना. मारण्यासाठी उगारलेली काठीही शस्त्रच धरली जाते. वाट अडवून झडती घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोलीस वाटावे म्हणून पोलिसाचा वेश करणे हा वेगळा गुन्हा आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला मात्र कोणीही नागरिक धरू शकतो, पण विनाविलंब पोलिसांच्या हवाली करण्यासाठी. त्याला एक चापटही मारायची नाही. एवढे मी वाचून दाखवले.

मुलगा उठला. चोर आला तर त्यालाही हात जोडायचे व्हय, असे त्याने विचारले. पोरे हसली. मी तुमचे वाक्य शब्दशः सांगितले, तेव्हा त्याहून जास्त हसली, तोही हसला, पण बसेना. मग सूत रंगवणाऱ्या समोरच्या आक्का बोलल्या.

“कमांडर, केस झाली तर ठाण्यात कुठल्या बाजूला उभा ऱ्हाशील रं? भरतीच्या का कोठडीच्या?”

तो बसला. ठरले ते एवढेच: दोघादोघांनी पाळीने जागायचे, जवळ शिट्टी आणि फोन, काठी नाही, आणि ठाण्याला हे लेखी कळवायचे. ठाण्यातल्या साहेबांनी अर्जावर पोच दिली आणि वर चहाही दिला.

शर्टांचा निकाल आक्कांनी लावला. तारे उपटून त्यांनी शर्ट मरून रंगाच्या उकळत्या पातेल्यात बुडवले. खाकीवर तो रंग असा काही चढला की सगळी सेना वांग्याच्या रंगाची झाली. उद्या गणपती आणताना हीच सेना लेझीम खेळणार आहे. हे लिहिताना खिडकीखाली तालीम चालू आहे; कमांडर सर्वांत पुढे आहे आणि सर्वांत जास्त तोच चुकतो आहे. आक्का जोत्यावर बसून प्रत्येक चूक मोठ्याने मोजतात. गल्लीत इतके हसू मी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते.

एक नोंद राहिली. इतिवृत्तात ‘बारा शर्ट रंगविले’ असे लिहून मी सही केली आहे. रंगले अकराच. बारावा माझ्या कपाटात आहे, ताऱ्यांसकट. काल दुपारी घरात कोणी नसताना मी तो घालून आरशासमोर उभा राहिलो. स्वतःच्या घरात असे करणे गुन्हा नव्हे, हे मी आधी तपासले होते. पोटावरचे बटण लागले नाही. तरी तुमच्या फोटोला सलाम ठोकला, आप्पा, अगदी टाचा जुळवून. हे पत्र घडी करून त्याच शर्टाच्या खिशात ठेवतो.

तुमचा धाकटा,
सेक्रेटरी

वडगाव, बेळगाव
गणेशचतुर्थीचा आदला दिवस