पोपटीचा पहिला नंबर

चि. सुशीलराव यांस खांबहून हिरामणदाजींचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि मंत्रालयातली लिफ्ट हे तिन्ही बरे असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त तुमच्या दोन्ही बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत आणि त्यात मालूच्या सुरभीची हळद अडकली आहे. म्हणून सरकारने ताबडतोब कायदा करावा. (सरकारात आपलं माणूस तुमच्याशिवाय कोण?)

धाटावच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मी आणि सगुणा थंडीत हायवेजवळच्या शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावतो, हे तुम्ही जाणताच. मुंबईची गिऱ्हाइकं पालथ्या मडक्याचे फोटो काढतात, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घेऊन शिंकतात आणि वालाच्या शेंगा सालीसकट खातात (आवडीने खातात, मी कशाला बोलू?). तिकडे पेणला मालूही पोपटीच लावते. दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. चवीतला फरक शोधायला बसलेला माणूस दोन्ही मडकी संपवून उठेल. पण हल्ली गिऱ्हाईक वासावर येत नाही, मोबाइलवर शोधून येतं. आणि तिथे ज्याचं नाव वर, त्याच्याच दारात गाडी थांबते.

म्हणून मी कंपनीतल्या जुन्या दोस्तांना कामाला लावलं. जितकं शोधाल तितकं नाव वर, म्हणून पहिल्या शिफ्टने बसमध्ये आणि दुसरीने कँटीनमध्ये मोबाइलवर आमची पोपटी शोधायची. सगुणा तर विस्तवाजवळ बसून दिवसभर स्वतःलाच शोधत होती. शेवटी एकदा तिच्या फोनवर आमचं नाव पहिलं आलं! मी रोह्याला जाऊन पेढे आणले, गावभर वाटले, शेजारच्या बैलालाही एक दिला.

मग हळदीची बोलणी करायला पेणला गेलो. सगुणाने चहाच्या आधी फोन दाखवला. मालूने चहा खाली ठेवून आपला दाखवला. त्यावर मालू पहिली! "कुनाला पैसं चारलंस गो ताय?" असं तिने विचारलं आणि पुढचं मी लिहीत नाही (तुम्ही लहानपणापासून ऐकत आलेले आहात). नंबर ठरल्याशिवाय हळद लावायला येणार नाय, असं सांगून सगुणा उठली. सुरभी रडायला लागली. मला फार वाईट वाटलं हो, पोरीचं आणि थोडं पेढ्यांचंही.

मालूचा मुलगा धनेश शहाणा. तो म्हणाला, सरकारनेच नियम करावा. सगळ्यांना पटलं, पण नियम कोणता? सगुणा म्हणे वयाने थोरली ती आधी. मालू म्हणे बाराखडीप्रमाणे. धनेशने पार्किंगसारख्या सम-विषम तारखा सुचवल्या, मी सोडत काढा म्हणालो. एवढ्यात शेजारच्या गिरजाबाई कुंपणावरून बोलल्या, "सरकारनं नंबर लावलं तर पयला सरपंचाचा मेव्हना!" धनेशने सरकारचं नाव सोडलं. मला मात्र धीर आला, कारण मेहुणा मलाही आहे. तेव्हा मोबाइलवाल्यांनी कुणाचीही बाजू घेऊ नये, असा कडक कायदा आणाच.

आपला,
हिरामणदाजी

ता. क. कायदा नको! पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात सगुणाने स्वतःहून मालूला फोन लावला. तिच्या मते मालूचा फोन बिघडलाय. "बिचारीला खरं दिसतच नाय." मालूलाही ताईच्या फोनची तशीच दया आली होती. दोघी एकमेकींच्या फोनसाठी पोटभर रडल्या आणि हळद ठरली. आता कायदा झाला तर दोघींना एकच यादी दिसेल आणि मांडव पेटेल. फाईल निघालीच तर तिच्यावर बसा (सवय आहेच).

ता. ता. क. खरी विनंती ही. मामा म्हणून नवरीला मांडवात तुम्हीच आणायचं, तेव्हा येताना मोबाइल घरी ठेवा. काल मुंबईच्या एका गिऱ्हाइकाच्या फोनवर मी गुपचूप पाहिलं. पहिली आली ती कुकरमधली पोपटी. हे कळलं तर दोघी बहिणी कायमच्या एक होतील, पण मांडवात सरकार म्हणून हाताशी तुम्हीच सापडाल.