फ्लेक्स उतरवण्याआधी

सोलापूर,
शुक्रवार, १७ एप्रिल २०२६

आदरणीय पप्पांना,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, एकाच घरात राहून ही पोरगी पत्र कसलं लिहितेय, उन्हानं डोकं फिरलं का हिचं. तसं समजा हवं तर. तुम्ही पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवे झालाय आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून लिहितेय. मधे नुसतं एक दार आहे. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं. तुमचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यात कान गेले, आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, ‘त्यात नुसती शिट्टी वाजतीय’ म्हणून. परवा आईनं तुम्हाला गॅस संपल्याचं सांगितलं, तर समोरच्या दाक्षायणीमावशी त्यांचं सिलिंडर ढकलत घेऊन आल्या. आता मला जे सांगायचंय ते मावशींना कळलं तरी चालेल, पण तुमच्याआधी नको.

खुशाली म्हणावी तर तुम्हाला माहीतच आहे. आईचा गुडघा तसाच. पाणी उद्या येणार, म्हणजे पिंप आज घासून ठेवायला हवं. ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. सकाळी मंडळाचे भीमाकाका येऊन गेले, तेव्हा तुम्ही दाढी करत होता. रविवारी जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार आधी घ्यायचा का भाषणं झाल्यावर, हे विचारायला आले होते. मी म्हटलं, पप्पांना विचारून सांगते. ते अजून विचारलेलं नाही.

मी लई दमलेय, पप्पा. विमान उडवून दमले असते तर बरं वाटलं असतं, मी न उडवता दमलेय. आमची कंपनी बंद पडली त्याला दोन वर्षं होत आली. युनिफॉर्म आईनं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलाय. दिवसभर मोबाइलसमोर बसून पुण्याच्या पायलट क्लासच्या पोरांना शिकवते, आणि संध्याकाळी दूध आणायला गेले की कुणीतरी विचारतंच, ‘काय मॅडम, सुट्टी लई मोठी दिसतीय की!’ सोलापुरात विमान सुरू झाल्यापासून तर अजूनच. ‘आता हितंच इमान आलंय, हितंच लागा की. दुपारी जेवायला घरी येता येतंय.’ जशी काय मी सिटी बसच चालवणार आहे! मी हसते. हसून हसून गाल दुखायला लागलेत.

देशात अर्ज केले तर म्हणतात, तुम्ही चालवलेलं विमान वेगळं, आम्हाला मोठ्या विमानाचा अनुभव पाहिजे. म्हणून बाहेरच्या कंपन्यांकडे अर्ज सुरू केले. किती केले ते विचारू नका. बहुतेकांनी तर साधं नाही म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. शेवटी आखातातल्या त्या कंपनीनं ऑनलाइन परीक्षा घेतली, मुलाखत घेतली आणि शेवटच्या चाचणीला बोलावलं. विमानाचं तिकीटही त्यांनीच पाठवलं.

ते तिकीट पाहून तुम्ही खुर्चीतून उठलात. ‘तिकीट काढून बोलावत्यात म्हंजे ठेवलं की पोरीला!’ तुमच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. अक्कलकोट रोडला एखाद्या टॉवेलच्या कारखान्यानं माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला ट्रायलला बोलावलं आणि वर यायचा खर्च दिला, तर तो जॉबर डबा घेऊनच जातो. त्याचा हात कसा आहे हे सगळ्या एमआयडीसीला आधीच ठाऊक असतं, ट्रायल नुसती नावाला. तुम्हीही जन्मभर असेच कामावर लागलात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की पप्पा, तिथं गाडीभर लोकांना तिकीट पाठवतात आणि त्यातले मूठभर ठेवतात. मी नुसतं ‘बघू’ म्हणाले, तेही पुटपुटत. तुम्ही तोपर्यंत चपला घालून भीमाकाकांकडे निघाला होता.

चाचणी देऊन मी परत आल्यावर तुम्ही विचारलंत, ‘कसं झालं?’ मी अंगठा दाखवला. तो अंगठा अर्धाच खरा होता.

ती चाचणी खऱ्या विमानात नसते. एका मोठ्या हॉलमध्ये विमानाचं नुसतं नाक कापून ठेवावं तशी एक खोली असते. आत मात्र सगळं खऱ्यासारखं, हादरेसुद्धा. डावीकडं त्यांचा कॅप्टन, उजवीकडं मी, आणि मागं एक बाई टिपणं घेत बसलेल्या. कॅप्टन तुमच्याच वयाचे, पांढऱ्या मिश्या, जाड मनगटं, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय. अगदी तुमच्यासारखी, पप्पा. त्यांनी एक इंजिन बंद पाडलं, आडवा वारा सोडला, पाऊस सोडला. मी सगळं नीट निभावलं. आता सुटले असं वाटायला लागलं होतं. मग उतरताना जमिनीवरच्या कंट्रोलनं एक उंची सांगितली आणि कॅप्टननी त्याच्या खालची लावली. खाली डोंगर होते. मला ते लगेच दिसलं.

मी काय म्हणाले असेन? ‘सर, एकदा बघायचं का?’ एवढंच. ते खाकरले आणि म्हणाले, ‘बघितलंय, ठीक आहे.’ आणि मी गप्प बसले. विमान खाली खाली जातंय, समोर मला दिसतंय, आणि मी मनात म्हणतेय, एवढा मोठा माणूस, त्याला कळत नसेल होय? धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा मागच्या बाईंनी सगळं थांबवलं.

कॅप्टननी चूक मुद्दाम केली होती, मी काय करते ते बघायला. आमच्या कामात नियमच आहे. कॅप्टन चुकला तर आधी विचारायचं. ऐकलं नाही तर स्पष्ट सांगायचं. तरी ऐकलं नाही तर विमान आपल्या हातात घ्यायचं, मग कॅप्टन कितीही मोठा असो. हा नियम मी क्लासमध्ये पोरांना शिकवते हो! बाईंनी विचारलं, ‘तुम्हाला दिसलं होतं ना?’ मी म्हटलं, हो. ‘मग थांबवलं का नाही?’ माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

तुम्हाला सांगते. तुम्हाला आठवतंय का, आत्याच्या घरच्या लग्नाला आपण कुर्डुवाडीला निघालो होतो? मी शाळेत होते, आपला रत्नदीप तेव्हा नुकताच अक्षरं जुळवून वाचायला लागला होता. तुम्ही पुढं, डोक्यावर ट्रंक, ‘चला चला, गाडी लागलीय’ करत आम्हाला सरळ उलट्या दिशेच्या गाडीत चढवलंत. डब्यावरची पाटी आईनं वाचली होती, मी वाचली होती, रत्नदीपनंही वाचली होती. आई हळूच म्हणाली, ‘अवो, ही गाडी तिकडची न्हाय वाटतं.’ तुम्ही खाकरलात. ‘मला शिकवतीस व्हय?’ झालं! होटगी येईपर्यंत आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत बसलो, जसं काय लग्न होटगीलाच आहे. तिथं उतरून तुम्ही म्हणालात, ‘च्या प्यायला उतरलोय.’ कुर्डुवाडीला पोचलो तेव्हा लग्न लागून पंगती उठल्या होत्या. ही गोष्ट निघाली की आम्ही अजून पोट धरून हसतो, तुम्ही घरात नसताना.

तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. ‘पोरीला इमान कशाला?’ म्हणणाऱ्या सगळ्या भावकीला तुम्ही एकट्यानं गप्प केलंत. तुमचा तो हट्ट नसता तर मी आज कुठंतरी पोळ्या लाटत असते. पण त्याच हट्टापुढं आम्हीही गप्प बसायला शिकलो, आणि ती सवय मी तिथपर्यंत घेऊन गेले. तुम्हाला दोष देत नाही, असं लिहिणार होते. थोडा देते. बाकीचा माझा आहे, मी काही आता लहान नाही.

परवा सकाळी त्यांचा मेल आला. माझी निवड झालेली नाही. वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येईल, असं खाली लिहिलंय.

मेल वाचत वाचत मी चौकापर्यंत आले आणि तिथं तुम्ही. फ्लेक्सवाला शिवपुत्र शिडीवर चढलेला, तुम्ही खाली उभे, दोन्ही हात वर करून, ‘जरा डावीकडं घे रे, पोरीचं तोंड खांबाआड जातंय!’ जुन्या कंपनीच्या युनिफॉर्ममधला माझा फोटो, माणसाहून मोठा. मागं भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं विमान. वर लिहिलेलं, ‘परदेशी विमान कंपनीत वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि खाली मंडळातल्या सगळ्यांचे गोल गोल फोटो. तुम्ही मला पाहिलंत. ‘कसं दिसतंय?’ तुमचा चेहरा इतका उजळलेला मी फक्त माझं लायसन्स आलं त्या दिवशी पाहिला होता. माझ्या हातात मोबाइल, त्यात तो मेल उघडा. आणि मी म्हणाले, ‘छान दिसतंय, पप्पा.’ तुम्हाला ऐकू यावं म्हणून चांगलं मोठ्यानं म्हणाले.

तिथं गप्प बसले त्यापेक्षा हे मला जास्त लागलंय. तिथला डोंगर खोटा होता, इथं तुम्ही खरे उभे होता. त्या दिवसापासून मी ताट अर्धंच सोडून उठते. आईला वाटतंय मला ऊन लागलं, म्हणून ती सारखी कांदा फोडून देतेय.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. पप्पा, तुमचं चुकलं. मला नोकरी लागलेली नाही. चौकातला फ्लेक्स चुकीचा आहे, रविवारचा सत्कार चुकीचा आहे, आणि हे सगळं आजच थांबलं पाहिजे. ऊन उतरलं की मी भीमाकाकांना सांगायला जाणार आहे, आणि तिथून शिवपुत्रकडं, शिडी घेऊन ये म्हणायला. हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. तुम्ही बरोबर आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार.

लोक हसतील. मला हसतील त्याचं काही नाही, पण तुम्हाला काही दिवस चौकात चहाला जायला नको वाटेल, त्याचं मला नोकरीपेक्षा जास्त वाईट वाटतंय. तरी तो सत्काराचा हार मी गळ्यात घालून घेणार नाही. घातला तर वर्षानं पुन्हा कॅप्टनशेजारच्या त्या खुर्चीत बसायची माझी लायकी राहणार नाही, आणि मला बसायचंय. कितीही दमले असले तरी बसायचंय, पप्पा.

तुम्ही उठलात की हे पत्र चहाबरोबर तुमच्या हातात देईन आणि समोरच बसेन. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा, अर्धं वाचून उठू नका. मग काय ओरडायचं ते ओरडा, गल्लीला ऐकू जाऊ दे. मी उठून आत जाणार नाही.

‘तुमच्याशी कधीच खोटं न बोललेली’ असं लिहायची फार इच्छा होती. ते आता लिहिता येत नाही, म्हणून नुसतीच,

तुमची मुलगी,
बुद्धप्रिया