हद्दीचं वळण

९ मार्च

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आईला भूक लागते. पायांची सूज कमी आहे. जिन्यातला दिवा तू बदलून गेलास तो अजून चालतो.

तू आखलेला विभागांचा नवा नकाशा तुमच्या कार्यालयाबाहेर लागला. सगळी गल्ली बघायला गेली, मीही गेले. आपण इतकी वर्षं पूर्व विभागात. आता हद्द घरांमागच्या नाल्यावरून जाते आणि गल्ली उत्तरेत पडते. फक्त आपल्या घरापाशी रेघ नाला सोडते, घराला पुढून वळसा घालते आणि परत नाल्यावर जाते, म्हणजे आपलं एकट्याचं घर पूर्वेतच राहतं.

समोरच्या शिंपीकाकांनी त्या वळणावर बोट ठेवलं. "नाल्यालासुद्धा एवढं वळण नाही हो," म्हणाले. कोणी हसलं नाही.

पूर्वेच्या रुग्णालयात डायलिसिस फक्त पूर्वेच्या रहिवाशांना मिळतं, हे तुला मी सांगायला नको. शिंपीकाकू आईच्या शेजारच्या खुर्चीत असतात, हेही तुला ठाऊक आहे. जाताना दोघी एकाच रिक्षातून जातात. परवा रिक्षा आली तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. आम्हाला आता वेगळं जायची सवय करायला हवी."

मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तूही काही बोलला नाहीस. मागच्या खेपेला जेवताना तू पानातून मान वर केली नाहीस, तेव्हा मला वाटलं, भाजी बिघडली.

एक लिहायचं टाळत होते. ते वळण पाहिल्यावर मला आधी हायसं वाटलं. काकांचं बोट तिथे येईपर्यंत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला शाळेतही पट्टी नीट धरता येत नव्हती." मग विचारलं, "माझ्या शेजारी आता कोण बसणार?"

गुरुवारी हरकतींची सुनावणी आहे. गल्लीचा अर्ज मीच लिहिला. सगळी गल्ली पूर्वेत ठेवा. ते होणार नसेल तर हद्द नाल्यावरूनच सरळ न्या, आमचं घरही उत्तरेत जाऊ द्या. दुसरं वाक्य वाचून काका म्हणाले, "खोडा ते. तुमच्या आईचं काय?" मी खोडलं नाही. उत्तरेत मशीन कधी मिळेल, डॉक्टरही सांगत नाहीत. अर्जावर पहिली सही आईची आहे. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

वळण कशासाठी, असं तुला सगळ्यांसमोर विचारतील. मोजणीत चूक झाली असं तू म्हणालास, तर मी उठून खरं सांगेन. तू स्वतःच सांगितलंस, तर मी बसून राहीन. तुझ्या नोकरीचं काय होईल, हे कळत नाही इतकी मी भोळी नाही.

गुरुवारच्या आधी घरी येऊ नकोस. आलास तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि मग मला तिथे उभं राहता येणार नाही.

तुझीच, पण गुरुवारी समोरच्या बाकावर बसणारी,
ताई