ओल्या गल्लीतला मांडव

झिफ्ता, ३ एप्रिल १९८७

ती. वजीहमामांस,
हिलमीचा सलाम, वि. वि.

येत्या गुरुवारी माझं इन्साफशी लग्न आहे. तुम्ही विसरू नये म्हणून आई तांत्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती निरोप धाडते आहेच. खुर्च्या ठरल्या, शरबताची साखर आली. राहिला उजेड.

माझे होणारे सासरे हाजी शहाता म्हणतात की, मुलाचा मामा वीज खात्यात इंजिनीअर असताना तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज करायचा म्हणजे स्वतःच्याच घरात तिकीट काढून शिरायचं. त्यांचा मुलगा सब्री रस्त्याच्या दिव्यावरून तार ओढणार आहे. गल्लीतली सगळी लग्नं तशीच लागली. पण धूळ बसावी म्हणून आपण गल्लीवर पाणी मारतो, आणि मांडवाचे खांब लोखंडी आहेत. सब्रीला हे बोललो, तर तो म्हणाला, नवरदेवा, तू मेंदीचं बघ, विजेचं मी बघतो. आमचा पंखा त्यानेच दुरुस्त केला होता. तो आता वारा छताकडे फेकतो.

तुम्ही मांडवात वर बघू नये, एवढाच हाजींचा निरोप आहे. निरोप त्यांचा, भीती माझी.

आपला भाचा,
हिलमी


तांता, ५ एप्रिल १९८७

चि. हिलमी यास,
अनेक आशीर्वाद.

मान खाली घालून जेवणं मला जमतं. पण पगार वर बघण्याचा मिळतो. इंजिनीअर झालो तेव्हा लोकांचा जीव आधी, अशी शपथ घेतली होती. 'सोयरे सोडून' हे शब्द त्यात घालायचे राहून गेले असावेत.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात खुर्च्या मांडणारा एक माणूस अशाच खांबाला टेकला. वऱ्हाडाला वाटलं, नाचतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचनाम्याला मी होतो.

तरी हाजीसाहेबांचं मन मोडवत नाही. त्यांना सांग, गल्ली ओली झाली, दिवे लागले, की घरातले वडीलधारे म्हणून पहिला मान त्यांचा. अनवाणी उभं राहून खांब धरावा. हसतमुख राहिले, तर मी वर बघणार नाही. तू फक्त विचारायचं, खांबाला हात मात्र कोणालाच लावू देऊ नकोस. मेंदीच्या संध्याकाळी माझा वायरमन तिथे असेल. अर्ज केलास तर तो माझ्या सहकाऱ्याकडे जाईल, कारण मी तुझा मामा आहे.

तुझ्या आईला माझी माया सांग, आणि निरोप आवर म्हणावं.

वजीह


झिफ्ता, २० एप्रिल १९८७

ती. मामांस,
सलाम, वि. वि.

लग्नात तुम्ही रात्रभर वर बघत होतात, पण मेंदीच्या संध्याकाळचं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

सब्रीने तार ओढली, गल्लीवर पाणी पडलं, दिवे लागले. मी खांबाला टेस्टर लावला. तोही लागला. सब्री म्हणाला, टेस्टर स्वस्तातला आहे. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. हाजी म्हणाले की हा सोयरा नाही, जकातवाला आहे, आणि असल्या घरात ते मुलगी देणार नाहीत. आई रडू लागली. मी खांबापुढे गोलकीपरसारखे हात पसरून उभा होतो, कारण पोरं हटत नव्हती.

तेवढ्यात मेंदीचे हात घेऊन इन्साफ सज्जात आली. वरूनच म्हणाली की, बाबा, दिवे माझ्यासाठी आहेत ना, मग एकदा धरा खांब. धरलात तर याच दिव्यांखाली बसेन, नाहीतर कंदील लावा, पण बसेन हिलमीशेजारीच.

हाजींनी एक चप्पल काढली. जमिनीकडे बघितलं. पायाकडे बघितलं. मग म्हणाले की कंबर धरली आहे, सब्री, तू धर. सब्री साखर बघायला गेला होता. साखर त्याने बराच वेळ बघितली. हाजींनी चप्पल पायात घातली आणि तुमच्या वायरमनला हळूच म्हणाले, काढ बाबा ती तार. सकाळी अर्ज घेऊन ते स्वतःच रांगेत उभे राहिले.

लग्नात मात्र प्रत्येक पाहुण्याला सांगत होते की इंजिनीअरांशी सोयरीक केली की उजेडसुद्धा शिक्क्याचा लागतो. मी मुद्दाम खांबाला टेकून दाखवलं. ते म्हणाले, माझा विश्वास आहे, आणि खुर्ची आणखी मध्ये ओढली.

काल सब्री आमचा पंखा पुन्हा दुरुस्त करायला आला. इन्साफने दारातच त्याला विचारलं, आधी बाबांना बोलावू का. तो चहा पिऊन गेला.

पंखा अजून छतालाच वारा घालतो आहे, तरी यावं. आम्हा दोघांवर माया ठेवावी.

आपला,
हिलमी